मोटर कुणाची, सेल कुठला?

मागच्या अंकात संरक्षण खर्च आणि संसद या विषयावर तुमचे प्रश्न मागवले होते. निम्म्याहून जास्त पत्रं ड्रोनबद्दलच आली. मी तेहतीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात होते, त्यातली बरीचशी संरक्षणाच्या भांडारांत आणि कारखान्यांत गेली. तेव्हा उत्तरं त्या टेबलावरून दिली आहेत.

प्रश्न : मॅडम, भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक टर्निंग सेंटर, नऊ माणसं. २०२५च्या पावसाळ्यात एका कंपनीकडून ड्रोनच्या मोटर माउंटचं काम आलं. 'लष्कराचं आहे, अर्जंट आहे' म्हणून दोन शिफ्ट चालवल्या, ॲल्युमिनियम उधारीवर उचललं. तीन महिन्यांत काम संपलं, त्यानंतर पीओ (खरेदीची ऑर्डर) नाही. शिकवून तयार केलेली दोन मुलं चाकणला गेली. पेपरात वाचतो की देशाची ड्रोन बनवण्याची क्षमता वाढली. त्यात माझी धरली आहे का? हे मोजतं कोण? संसदेत कुणी विचारतं का?
(एक वाचक, भोसरी)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'त्यात माझी धरली आहे का' या पाच शब्दांत सगळा विषय आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी काम आलं कसं ते बघू. ऑपरेशन सिंदूरनंतर, २४ जून २०२५ला संरक्षण मंत्रालयाने तातडीच्या खरेदीचे १३ करार झाल्याचं जाहीर केलं. रक्कम १,९८१.९० कोटी रुपये. त्यात ड्रोन शोधून निकामी करणाऱ्या यंत्रणा होत्या, हलकी रडार होती, टेहळणीचे ड्रोन होते, घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणारी अस्त्रं होती. तातडीच्या खरेदीची रीत अशी, की जे तयार आहे ते घ्यायचं आणि लवकर घ्यायचं. एका कराराला ३०० कोटींची मर्यादा आणि पुरवठा साधारण वर्षाच्या आत. सीमेवर गरज असताना हे बरोबरच आहे. पण या खरेदीत पुढच्या वर्षाचा शब्द नसतो. सरकार कंपनीला शब्द देत नाही, कंपनी तुम्हाला देत नाही, आणि शिकलेला हात दुसऱ्या लाइनवर जातो. ऑर्डर चालू असताना जे निघतं ते उत्पादन. ऑर्डर संपल्यावर सहा महिन्यांनी फोन आला आणि पुन्हा तितकंच काढून देता आलं, तर ती क्षमता. तुमच्याकडे जून ते ऑगस्ट उत्पादन झालं. क्षमता तयार होत आली होती, ती कुणी राखली नाही.

मोजतं कोण, हे सांगण्याआधी एक प्रसंग सांगते. खूप वर्षांपूर्वीचा, एका भांडारातला. मार्च अखेरीची तपासणी होती. शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली लाकडी खोकी रचलेली, आत बिनतारी संच. बिन कार्डावर नोंद होती 'संपूर्ण प्राप्त'. पुरवठादाराचं बिल चुकतं झालेलं. मी भांडारपालांना म्हटलं, एक खोकं उघडा. त्यांनी पहारीने खिळे काढले. संच होता, नवाकोरा. थर्माकोलमध्ये बॅटरीसाठी कोरलेला खळगा मात्र रिकामा. दुसरं उघडलं, तिथेही तेच. बॅटऱ्या वेगळ्या करारातून, परदेशातून यायच्या होत्या, आणि त्या करारावर सहीच झालेली नव्हती. अकरा महिने ते संच तसेच पडून होते. मी हाफ मार्जिन, म्हणजे लेखी आक्षेप, लिहिला. उत्तर आलं, 'मुख्य वस्तू पूर्ण संख्येने मिळालेली असल्याने आक्षेप वगळावा.' रक्कम लहान होती, अहवालात पॅरा झाला नाही. तो रिकामा खळगा मला अजून दिसतो. त्या दिवसापासून 'किती मिळाले' या प्रश्नावर माझं कधी समाधान झालेलं नाही.

ड्रोनचं अगदी तसंच आहे. सांगाडा भोसरीत होतो, ब्रॅकेट तुमच्याकडे होतं, जुळणी नवी मुंबईत, बंगळूरमध्ये, नागपुरात होते. पण मोटरमधलं निओडिमियमचं चुंबक, लिथियमचा सेल, उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डावरची चिप, कॅमेऱ्याचा सेन्सर हे कुठून येतं? ९ फेब्रुवारी २०२२ला सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, संशोधन आणि संरक्षणासाठी अपवाद ठेवून. सुट्या भागांच्या आयातीला मात्र परवानगीची गरज ठेवली नाही. उद्योग उभा राहायचा तर त्या वेळी तसं करणं भागच होतं. पुढे चीनने १ सप्टेंबर २०२३पासून ड्रोन आणि त्यांच्या काही भागांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं, आणि ४ एप्रिल २०२५ला सात दुर्मीळ मूलद्रव्यांवर व त्यांच्या चुंबकांवर. भारतात मोटारगाड्या बनवणाऱ्यांचीही त्या वेळी चुंबकांसाठी धावपळ झाली, तुमच्या चाकणच्या शेजाऱ्यांना विचारा.

फेब्रुवारी २०२५मध्ये लष्कराच्या ४०० मालवाहू ड्रोनचे करार चिनी भागांमुळे रद्द झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. मला त्यात रद्द करण्यापेक्षा एक गोष्ट जास्त टोचली : हे करार होईपर्यंत कळलं का नाही? कारण आपण देशीपणा टक्क्यांत मोजतो, आणि टक्के रुपयांवर काढतो. स्वदेशी आराखड्याच्या खरेदीत किमान ५० टक्के देशी अंश लागतो, तो किमतीच्या हिशेबाने. ड्रोन उद्योगासाठी २०२१ला जी १२० कोटींची प्रोत्साहन योजना आली, तिच्यातही किमान ४० टक्के मूल्यवर्धनाची अट होती, तीही रुपयांतच. आता एका ड्रोनच्या किमतीत मोटरच्या चुंबकाचा वाटा किती? नगण्य. ते चुंबक आलं नाही तर ड्रोन उडेल का? नाही उडणार. म्हणजे कागदावर सत्तर टक्के देशी असलेली वस्तू एका छोट्या भागापायी शंभर टक्के अडू शकते. रिकामा खळगा, दुसरं काय.

आता संसदेकडे येते. विचारायच्या जागा तीन. एक, प्रश्नोत्तरं. दुसरी, संरक्षणविषयक स्थायी समिती : लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ खासदार, मंत्री त्यात बसू शकत नाही. तिसरी लोकलेखा समिती, जी कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालांवरून मंत्रालयाला बोलावून विचारते. यातली स्थायी समिती सगळ्यात मोलाची, कारण ती पैसे खर्च होण्याआधी विचारते. संरक्षणाच्या अनुदान मागण्या बहुतेक वर्षी सभागृहात चर्चेविना गिलोटिनखाली, म्हणजे एकदम मताला टाकून, मंजूर होतात. म्हणजे त्या रकमेकडे कुणी ओळीओळीने पाहत असेल तर ते याच समितीच्या खोलीत. पण समितीची मुदत एक वर्षाची. ड्रोनच्या कारखान्याला आराखड्यापासून पुरवठ्यापर्यंत तीन-चार वर्षं लागतात, तेवढ्यात समिती तीनदा बदलते. आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

याहून मोठी अडचण मला तपासनीस म्हणून दिसते. दारूगोळा आयुध निर्माणींत व्हायचा, तेव्हा आम्हाला थेट कारखान्यात जाता यायचं. कॅगच्या २०१५च्या अहवालात लष्कराच्या १७० प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ८५ प्रकार दहा दिवसांनाही पुरणार नाहीत असं आलं, तो हिशेब मार्च २०१३चा. निकष ४० दिवसांच्या तीव्र युद्धाचा. २०१७ला पुन्हा तपासलं तर १५२पैकी ६१ प्रकार अजून दहा दिवसांखालीच, आणि निर्माणींकडून पुरवठा कुठे थकला तेही त्यात होतं. हे शक्य झालं कारण निर्माणी सरकारची होती. १ ऑक्टोबर २०२१ला निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया आपल्या पुण्यात आहे. तिचं ऑडिट कॅगकडेच आहे. पण ड्रोन प्रामुख्याने खासगी कंपन्या बनवतात, आणि तुमच्यासारखे त्यांचे पुरवठादार. कॅग खरेदी करणाऱ्याची फाइल उघडतो, विकणाऱ्याच्या फाटकाशी थांबतो. खासगी कंपन्यांविरुद्ध माझं काहीही नाही. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ला सुरू केलेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज असो वा नागपूरची सोलार, या लोकांनी जे उभं केलं त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्यांच्याशी होणाऱ्या करारात एक कलम हवं : महत्त्वाचा प्रत्येक भाग कुठून येतो आणि महिन्याला किती नग निघू शकतात, हे सरकारला प्रत्यक्ष पाहता येईल आणि ते समितीपुढे ठेवता येईल. ते पाहायला माणूस पाठवला, तर तो तुमच्या दोन व्हीएमसीपर्यंत पोचेल. त्या दिवशी तुमची क्षमता धरली गेली असं मी म्हणेन.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पश्चिम सीमेवर आहे. मे महिन्यात चार रात्री आम्ही झोपलो नाही. टीव्हीवर ड्रोन दाखवत होते. ते पाडणारं यंत्र आपल्याकडे बनतं का? त्याच्यापर्यंत ते पोचलंय का?
(एक आई, सातारा जिल्हा)

तुमच्या मुलाच्या तुकडीकडे काय आहे ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगूही नये. बाकी जे जाहीर आहे ते सांगते. ८ आणि ९ मे २०२५च्या मधल्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन सोडले, असं लष्कराने स्वतः पत्रकारांना सांगितलं. त्यांना तोंड देण्यात आपल्या जुन्या हवाई संरक्षण तोफांचा मोठा वाटा होता. एल-७० सारख्या, सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या, नवी दृष्टी बसवलेल्या तोफा. त्या नीट राखून ठेवणाऱ्या माणसांचं हे श्रेय आहे.

ड्रोन पाडण्याचे दोन मार्ग. एक, त्याचा संदेश तोडायचा, म्हणजे जॅमिंग. दुसरा, त्याला फोडायचं : तोफेने, छोट्या रॉकेटने किंवा लेझरने. दोन्ही प्रकार आपल्याकडे बनतात. डीआरडीओच्या आराखड्यावरून भारत इलेक्ट्रॉनिक्स जॅमर आणि लेझर असलेली यंत्रणा बनवते. नागपूरच्या सोलार कंपनीने १३ मे २०२५ला ओडिशात गोपाळपूरला 'भार्गवास्त्र'ची चाचणी घेतली, छोट्या रॉकेटांनी ड्रोनचा थवा फोडायचा. चारही रॉकेटं अपेक्षेप्रमाणे गेली.

पण ताई, चाचणी आणि तुकडीला पुरवठा यांत मोठं अंतर असतं, आणि खासदारांनी नेमकं त्या अंतरात उभं राहून विचारायला हवं. युक्रेनच्या युद्धात आता केसासारख्या काचतंतूची रीळ सोडत जाणारे ड्रोन आले आहेत. त्यांचा संदेश हवेतून जातच नाही, त्यामुळे जॅमरचा उपयोग होत नाही. म्हणजे फोडणारी यंत्रणा आणि तिच्या फैरी लागणारच. एका रात्री चारशे आले, दुसऱ्या रात्री पुन्हा चारशे आले, तर किती रात्री पुरेल आणि वापरलेलं किती दिवसांत भरून येईल? दारूगोळ्याचा हिशेब जसा दिवसांत होतो तसाच याचाही व्हावा. युक्रेन सरकारच्या सांगण्याप्रमाणे त्या देशाने २०२४मध्ये वीस लाखांहून अधिक ड्रोन बनवले. आपल्याकडे नागपूरच्या 'नागास्त्र-१'ची, म्हणजे घिरट्या घालून आदळणाऱ्या अस्त्राची, सैन्याची मागणी ४८० नगांची होती, १२०ची पहिली खेप जून २०२४ला पोचली. आपलं युद्ध तसं नाही, आपल्या गरजा वेगळ्या, हे मला मान्य आहे. पण वेग किती लागू शकतो याचा अंदाज त्या आकड्यांवरून येतो.

तुम्ही जागून काढलेल्या चार रात्रींबद्दल लिहिलंत. तुमच्या खासदारांनाही तेच, तसंच लिहा.

प्रश्न : ड्रोनसाठी २०२१चे नियम आले, ते लष्कराला लागू आहेत का?
(एक वाचक, सोलापूर)

नाही. भूदल, नौदल आणि हवाई दलाचे ड्रोन त्या नियमांतून वगळलेले आहेत. शेतात फवारणीचा ड्रोन चालवणाऱ्याला ते लागू होतात.

प्रश्न : क्षमा करा, पण हे सगळं चव्हाट्यावर आणायचं कशाला? खासदारांनी विचारलं, उत्तर छापलं, की शत्रूला आयती माहिती. सैन्यावर विश्वास ठेवावा आणि गप्प बसावं, हे बरं नाही का?
(एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, तुमची काळजी खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. नोकरीत असताना मीही गोपनीय शिक्क्याच्या फाइली कपाटाला कुलूप लावून वाचल्या आहेत.

स्थायी समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. अहवाल पटलावर येईपर्यंत तिथलं बोलणं बाहेर सांगता येत नाही. देशाच्या सुरक्षेला बाधा येईल असं वाटलं तर एखादा कागद समितीला द्यायला सरकार नकार देऊ शकतं, लोकसभेच्या नियम २७०मध्ये तशी तरतूद आहे. म्हणजे कुलूप आहेच.

आता या कुलपामागे विचारल्याने काय होतं ते पाहा. मार्च २०१८मध्ये मेजर जनरल खंडुरी अध्यक्ष असताना समितीच्या अहवालात सैन्याच्या उपप्रमुखांची साक्ष आली : आपली ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली, ८ टक्के अत्याधुनिक. आधीच ठरलेल्या १२५ योजनांचे हप्ते भागवायला २९,०३३ कोटी लागत होते आणि मिळाले होते २१,३३८ कोटी. एका सेनाधिकाऱ्याने हे देशाच्या प्रतिनिधींसमोर सांगितलं. सैन्यावर विश्वास ठेवा म्हणता ना सर, मग सैन्याचंच म्हणणं ऐकून घेणारी ही खोली आहे. गप्प बसलो तर त्या अधिकाऱ्याला बोलायला जागा उरत नाही.

काही वर्षांपूर्वी कॅगने संरक्षणाचे अहवाल संकेतस्थळावर टाकणं थांबवलं, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. तो निर्णय घेणाऱ्यांचा हेतू मी समजू शकते. पण ड्रोनच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. आपण महिन्याला किती मोटर आणि किती सेल मागवतो हे विकणाऱ्याच्या वहीत लिहिलेलं असतं. तो विकणारा बहुतेकदा चीनमधला. आपला कमकुवत सांधा त्याला आधीच ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही ते आपण आणि आपले खासदार. मला हे सहन होत नाही.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. खासदारांना आपण प्रश्न सुचवू शकतो असं ऐकलं. या विषयावर नेमका कसा सुचवावा?
(एक विद्यार्थिनी, लातूर)

हो, सुचवता येतो, आणि तुझ्यासारख्या मुलींनी तो जरूर सुचवावा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, ज्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि पुढे उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित २३०, त्यांना लेखी उत्तर. प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसावा लागतो. लेखी उत्तर कायमचं नोंदीत राहतं, त्यामुळे अतारांकित प्रश्नाला कमी समजू नकोस.

एक चूक टाळ. 'सरकारने ड्रोन निर्मितीला चालना देण्यासाठी पावले उचलली आहेत काय, असल्यास तपशील द्यावा' असा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्याला योजनांची यादी चिकटवलेलं तेच उत्तर हमखास मिळतं. उत्तर देणाऱ्याला यादी जोडता येणार नाही, असा प्रश्न हवा. शिवाय तो गोपनीय आकड्यात शिरला की नाकारला जातो. म्हणून सैन्याकडे किती आहेत हे विचारू नकोस, पद्धत विचार. मी असा लिहीन :

'संरक्षण मंत्री हे सांगतील काय :
(क) मानवरहित विमाने व त्यांना रोखणाऱ्या यंत्रणांच्या खरेदीत देशी अंश ठरवताना मोटर, चुंबक, बॅटरी सेल, उड्डाण नियंत्रक व सेन्सर या प्रत्येक भागाचा उगम स्वतंत्रपणे तपासला जातो काय;
(ख) ही तपासणी करार होण्यापूर्वी होते की पुरवठ्यानंतर, आणि ती कोणती यंत्रणा करते;
(ग) तातडीच्या खरेदीचा पुरवठा संपल्यानंतर उत्पादकाची व त्याच्या लघुउद्योग पुरवठादारांची क्षमता टिकवण्यासाठी करारात कोणती तरतूद असते, आणि
(घ) पुरवठादारांची मासिक उत्पादनक्षमता प्रत्यक्ष पाहणी करून नोंदवली जाते काय?'

हा मसुदा तुझ्या खासदारांच्या कार्यालयात अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी पोचव. (ग) मध्ये भोसरीच्या वाचकांचं नऊ माणसांचं वर्कशॉप आहे, तेवढं खासदारांना तोंडी सांग. उत्तर आलं की मला पाठव, पुढच्या अंकात आपण ते ओळीओळीने वाचू.